कापडाआडचे नऊ दिवे

इंदूनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका पातळाची तपासणी. दिवेलागण झाली होती. मागावरून उतरवलेलं नवं पातळ, दोन टोकं माझ्या हातात, दोन तिच्या. गल्लीच्या तोंडाशी खांबावर दिवा आहे, त्याच्यासमोर कापड धरायचं आणि सुटलेली तार शोधायची. आयुष्यभर आम्ही हेच केलं. मी कापडाकडं पाहायचो. त्या दिवशी ती कापडातून पलीकडं पाहून राहिली होती.

"अहो, त्या एका दिव्याचे नऊ दिवे दिसून राहिले."

"मोतीबिंदू झाला तुला."

"मधला मोठा. चार बाजूंना चार, चार कोपऱ्यांत चार. कापड खाली घेतलं की एकच. मोतीबिंदू काय कापडासंगं येते-जाते?"

"म्हातारपण आहे ते."

तिनं एक डोळा झाकला, मग दुसरा. कापड जरा तिरपं केलं. "पाहा न, कापड फिरवलं की दिवे बी फिरतात. काहून?"

मला भूक लागली होती. मी म्हटलं, "पुरे तुझं काहून-काहून. भाकर टाक."

तिनं भाकर टाकली. सकाळी ती उठली नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण पुढचा सगळा प्रवास त्या चुकीपायी झाला. दहाव्याला माणसं जमली होती. शेवटी काय म्हणाली, असं बाया विचारत होत्या. मी म्हटलं, आदल्या सांजेला तिला नऊ दिवे दिसले. बस, एवढंच म्हटलं. कापडाचं सांगितलं नाही, भाकरीचं सांगितलं नाही. एक बाई म्हणाली, नेणाऱ्यांचे दिवे असतात ते, पुण्यवंतालाच दिसतात. इंदूचा मोठा भाऊ नाना जबलपूरहून आला होता, तो हात जोडून रडला. मी गप्प बसलो. खरं सांगण्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं.

दोनेक महिन्यांनी तेच पातळ काढून मी एकटा दारात उभा राहिलो. नऊ दिवे. मधला मोठा, चार बाजूंना, चार कोपऱ्यांत. कापड फिरवलं, दिवे फिरले. मग घरातलं जाडंभरडं विरळ कापड धरलं, तर दिवे एकमेकांना चिकटून आले. बारीक दाट कापड धरलं, तर दूर दूर पांगले. मला उलटं वाटलं होतं. इतकी वर्षं मागावर काढली आणि हे मला माहीत नव्हतं. तिला एका सांजेत दिसलं.

वर्ष भरायला आलं तेव्हा नानाचा फोन आला. "जवाईबुवा, या. ग्वारीघाटावर नर्मदेत तिच्या नावानं नऊ दिवे सोडायचे." मी हो म्हटलं. मी गेलो तो दिवे सोडायला नाही, सोडू न द्यायला.

आमच्या समाजाच्या वार्षिक अंकात दरवर्षी कोणी ना कोणी प्रवास लिहितो. लोक काशी लिहितात, चारधाम लिहितात. अंक काढणारे मास्तर म्हणाले, या वेळी तुम्ही लिहा. मी चौथीपर्यंत शिकलो. चुका मास्तरांनी काढाव्यात, माझी मतं काढू नयेत.

चेरीताल

लग्नाला मी मोहाडीहून गोंदियाला आणि तिथून छोट्या गाडीनं जबलपूरला गेलो होतो. ती गाडी चढावर इतकी हळू जायची की वऱ्हाडी खाली उतरून झाडांची टेंभरं तोडून परत डब्यात चढले. आता मोठी गाडी आहे. बालाघाट, नैनपूर, जंगल, बोगदा, आणि उतरा. सांगण्यासारखं काही नाही.

चेरीतालमधलं नानाचं घर तेच आहे, पण माग गेला. नाना जवानीतच कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि माग विकून टाकला. जिथं माग होता तिथं आता सोफा आहे. घरात मराठी बोलतात, पण दोन वाक्यांनंतर गाडी हिंदीवर जाते. नातवंडांना मराठी समजते, तोंडातून निघत नाही. बापाचं ऐकून तीही मला फुफाजी म्हणतात, म्हणजे आत्याचा नवरा. आमच्याकडं पाहुण्याला पाण्यासंगं गुळाचा खडा देतात, इथं खव्याची जलेबी दिली. काळी, जाड, खाल्ली की जेवण झाल्यासारखी. मी दोन खाल्ल्या. दुःखात माणूस खात नाही हे खोटं आहे.

नाना नवीन डोळे दाखवत होता. दोन्ही मोतीबिंदू त्यानं काढून घेतले होते. "आता सुईत दोरा मीच ओवतो," म्हणाला आणि सुनेकडून सुई मागवून ओवूनही दाखवला.

तेवढ्यात शेजारची एक बाई आली. नानानं माझी ओळख करून दिली, "ये हमारे बहनोई. इन्हीं की घरवाली को जाते समय नौ दीये दिखे थे." ती बाई वाकली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला. "धन्य हैं आप लोग," म्हणाली.

मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी पाय मागं घेतले आणि माझ्या तोडक्या हिंदीत म्हटलं, "बाई, उसको कोई लेने नहीं आया था. वो कपड़ा जाँच रही थी."

ती गेल्यावर नाना माझ्यावर चढला. "काहून लोकांसमोर असं बोलता तुम्ही?"

"खरं ते बोललो."

"दहाव्याला तुम्हीच सांगितलं न?"

"अर्धं सांगितलं." मग मी पूर्ण सांगितलं. खांब, कापड, काहून, भाकर. नाना ऐकत बसला. मला वाटलं पटलं. पण त्याचा चेहरा आणखी आवळला.

"जवाईबुवा, तिला चौथीतून मी काढलं शाळेतून. बाप नव्हता, मागासाठी सुताच्या कांड्या भरायला हात पाहिजे होते. मास्तरीण घरी आली होती सांगायला, पोरगी हुशार आहे, लई विचारते. मी म्हटलं, विचारते म्हणूनच काढतो. तिला आयुष्यभर काही मिळालं नाही. मरताना एवढं मोठं मिळालं, ते बी तुम्ही हिसकावून राहिले?"

"मोठं तेच होतं, जे तिनं विचारलं. आपण दोघांनी मिळून तिचं तोंड बंद केलं. तू लहानपणी, मी शेवटी."

हे जरा जास्त झालं. नाना उठून गेला. पाच मिनिटांनी परत आला. "अभयला विचारा. माझा पोरगा कॉलेजात हेच शिकवतो. त्यानं म्हटलं की हे दिवे सगळ्यांनाच दिसतात, तर मी एकच दिवा सोडीन. नाही तर नऊ."

"मंजूर," मी म्हटलं.

नेपियर टाउन

अभय सकाळीच कॉलेजात गेला होता. मी पातळ पिशवीत घेतलं आणि एकटाच ऑटोत बसलो. ऑटोवाल्यानं विचारलं, कहाँ जाना है बाबा? कॉलेजचं नाव मी विसरलो होतो. मी म्हटलं, "जहाँ फिजिक्स पढ़ाते." त्यानं मान डोलावली आणि मला नेपियर टाउनात एका जिन्यासमोर सोडलं. वर गेलो. काचेच्या टेबलामागं एक पोरगी.

"किस बच्चे का एडमिशन है?"

"मेरा," मी म्हटलं.

ती हसली नाही. बिचारीनं फॉर्म पुढं केला. भिंतीवर पास झालेल्या पोरांचे फोटो होते, नुसते फोटोच फोटो. मी तिला विचारलं, एका दिव्याचे नऊ कसे होतात ते इथं सांगतात काय? ती म्हणाली, "सिलेबस में होगा तो बताएँगे."

शेवटी तिनंच अभयला फोन लावून दिला. तो स्कूटर घेऊन आला आणि हसून हसून त्याला गाडी धरवेना. "फुफाजी, कोचिंगमध्ये आले तुम्ही!" मी म्हटलं, "पाट्या तशाच आहेत तुमच्या गावात, मी काय करू?"

कॉलेजची अंधारी खोली

अभय पन्नाशीचा आहे, शांत, चष्म्याआडून बोलणारा. त्याच्यासंगं खोलीत दोघं होते. एक मिश्राजी, रिटायर झाले तरी रोज येणारे, तोंडात पान. दुसरी पुण्याहून नवीन लागलेली कुलकर्णी मॅडम, वयानं माझ्या नातीएवढी.

अभयनं खिडक्या बंद केल्या. पेन्सिलीएवढ्या नळीतून लाल उजेड काढला आणि मी पातळ समोर धरलं. भिंतीवर लाल ठिपके उमटले, ओळीनं आडवे, ओळीनं उभे, चौकड्याच्या लुगड्यासारखे. नऊ कसले, मोजता येईनात.

"आत्याला खांबाच्या दिव्याचे मधलेच नऊ ठळक दिसले," अभय म्हणाला. "बाकीचे फिके असतात. फुफाजी, तुमच्या ताण्या-बाण्याच्या मधल्या प्रत्येक भोकातून उजेडाची लाट निघते. विहिरीत दोन खडे टाकले तर लाटा एकमेकींवर चढतात न? कुठं वाढतात, कुठं मिटतात. वाढल्या तिथं दिवा. मिटल्या तिथं अंधार."

"म्हणजे तिला बरोबर दिसलं."

"शंभर टक्के."

"चल मग. नानाला सांग."

मी पातळाची घडी घालू लागलो. तिथंच उठलो असतो तर बरं झालं असतं. पण मिश्राजी म्हणाले, "अरे, आधी बात सुनकर जा रहे हैं बाबूजी. पूरी तो दिखाओ."

अभयनं कॉम्प्युटरवर एक चित्र लावलं. काळा पडदा. उजेड इतका कमी केलेला, की एका वेळी त्याचा एकच दाणा सुटतो. समोर दोन बारीक फटी. पडद्यावर इथं एक ठिपका पडला. थांबून तिथं एक. मग तिसरा कुठं तरी भलतीकडं. फोडणीतली मोहरी उडावी तसं, काही ताळ नाही. मग ठिपके वाढत गेले, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचे पट्टे झाले. उजेडाचा, अंधाराचा, उजेडाचा, अंधाराचा.

मी खुर्ची पुढं ओढली. "एका वेळी एकच दाणा म्हणाला न तू?"

"हो."

"लाटेवर चढायला दुसरी लाट लागते. हा एकटा कोणावर चढला? आणि दुसऱ्या दाण्याला कोणी सांगितलं की पहिला कुठं पडला?"

मिश्राजींनी मांडीवर थाप मारली. "यही तो सवाल है! सौ साल से बड़े-बड़े लोग इसी पर लड़ रहे हैं, और ये आदमी पाँच मिनट में पहुँच गया."

"कोणत्या फटीतून गेला दाणा?" मी अभयला विचारलं.

"पाहिलं नाही, तर कोणत्या फटीतून या प्रश्नाला अर्थच नाही, फुफाजी. आणि पाहायची सोय केली, की पट्टे पुसून जातात. म्हणून ते विचारायचंच नाही. ठिपके कुठं किती पडतील हे गणित बरोबर सांगते. तेवढंच आपलं काम."

"विचारायचंच नाही?"

"इनकी दुकान पर यही बोर्ड लगा है," मिश्राजी म्हणाले. "पूछना मना है. बाबूजी, दाना एक ही झिरी से जाता है, पक्का. पर उसके साथ एक लहर चलती है, वो दोनों से जाती है और दाने को रास्ता दिखाती है."

हे मला कळलं. मागावर आडवा धागा नेणारा धोटा एका वेळी एकदाच फिरतो. त्याला नक्षी माहीत नसते. नक्षी वर टांगलेल्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांत असते, ते पत्ते तारा उचलतात आणि धोटा निघून जातो. हजार वेळा धोटा फिरला की खाली मोर उमटतो. मी हे सांगितलं तर मिश्राजी उठून उभे राहिले. "सुनो, सुनो! लहर मतलब पत्ते!"

"मग दाखवा न ते पत्ते, मिश्राजी," अभय म्हणाला. "माग उघडून दाखवा. कोणी पाहिले आजपर्यंत?"

"तुमने कभी देखने दिया?"

"सर, तुमच्या लाटेला इथला धक्का तिथं, उजेड पोचायच्याही आधी, त्याच क्षणी कळतो. ते कसं काय चालतं तुम्हाला?" मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "आजोबा, खरं तर दोन्ही होतं. दाणा या फटीतूनही जातो आणि त्या फटीतूनही. जे जे होऊ शकतं ते सगळं होतं. जगाच्या फांद्या फुटतात, आपण एका फांदीवर असतो, म्हणून आपल्याला एकच दिसतं."

"सगळं होते?"

"गणिताचं सरळ वाचन तसंच आहे."

"मग एखाद्या फांदीवर माझी बायको जिवंत आहे?"

पोरगी गडबडली. अभयनं तिच्याकडं डोळे मोठे केले. पण ती खोटं बोलली नाही, हे मला आवडलं. "असेल, आजोबा. मी नाही म्हणू शकत नाही."

"आणि तिथला म्हातारा? तिनं काहून विचारलं तेव्हा तो काय म्हणाला?"

"कुठे भाकर टाक म्हणाला असेल," ती म्हणाली; नानाकडून कळलेलं सगळं अभयनं तिला सकाळीच सांगितलं असावं, "आणि कुठे तिच्याबरोबर उभा राहून मोजत बसला असेल."

"त्याला मोजू द्या," मी म्हटलं. "त्याची बायको त्याच्यापाशी आहे, त्याचं त्यानं पाहावं. मला तो म्हातारा दाखवून माझं मन नका राखू. मी इथला आहे. जे केलं ते इथं केलं, निस्तरायचं बी इथंच."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "रडू नको बापा, तू चांगली आहेस. पण मला ते जग नको." मग अभयला म्हटलं, "आणि तुझं तर मला बिलकूलच नको. विचारू नको, हे तुझ्या आत्याला दोन घरांत ऐकवलं. तिसऱ्यांदा कॉलेजात ऐकायला मी नाही आलो. तुमचं तिघांचं तीन तऱ्हेचं आहे. एक सांगा फक्त. पातळातून नऊ दिवे दिसतात, यावर भांडण आहे काय?"

"नहीं," मिश्राजी म्हणाले.

"अजिबात नाही," मॅडम.

"नाही, फुफाजी."

"झालं तर."

दुपारी अभयनं मला भेडाघाट दाखवला, न दाखवता सोडलं तर त्याला लाज वाटली असती. संगमरवराच्या कड्यांमधून नाव जाते. नावाडी गाणं म्हटल्यासारखा सांगत होता, ये देखिए हाथी, ये देखिए मोटरकार. नावेतले सगळे वा वा करत होते. मला दगड दिसला. चांगला दगड आहे, जाऊन पाहा.

परत चेरीताल

संध्याकाळी नानानं अभयला सोफ्यावर बसवून विचारलं. अभयनं सांगितलं, आत्याला दिसलं ते कोणालाही दिसतं. इथवर ठीक होतं. पण नाना फिटर माणूस, त्याला आतलं यंत्र उघडून पाहायची सवय. "कशानं दिसते?" त्यानं विचारलं. अभयला खोटं बोलता येत नाही. त्यानं लाट सांगितली, दाणा सांगितला, मग मिश्राजी काय म्हणतात ते, मग मॅडम काय म्हणतात ते.

नानाच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं आलं. "म्हणजे तिघं शिकलेले, तिघांची तीन मतं. मग माझं चौथं काहून चालत नाही? नेणारे आले होते, त्यांचे दिवे."

अभय माझ्याकडं पाहून हळूच म्हणाला, "फुफाजी, जाऊ द्या न. बाबांचं समाधान होते तर सोडू द्या नऊ."

"समाधान तुझ्या बापाचं, आणि नाव तिचं?" मी म्हटलं. "नाना, काहूनवर भांडण आहे त्या लोकांचं. दिसण्यावर नाही. त्यांनी आधी पाहिलं, मग भांडले. तू पाहिलंच नाहीस. तुझं मत चौथं नाही, तुझं मत अजून सुरूच झालं नाही."

सुनेनं ताटं वाढली. आम्ही तोंडासमोर तोंड करून जेवलो आणि एकमेकांना मीठसुद्धा मागितलं नाही.

ग्वारीघाट

सकाळी उजाडायच्या आधी आम्ही घाटावर होतो. नानाच्या टोपलीत पानांचे नऊ दोने, नऊ वाती, तूप. माझ्या पिशवीत पातळ. पाणी काळं आणि संथ होतं. नदीच्या मधोमध देऊळ आहे, ते अजून नुसतं सावलीसारखं दिसत होतं.

"एक लाव आधी," मी म्हटलं.

त्यानं एक लावला, हात जोडले, दोना पाण्यावर ठेवला आणि हलकेच ढकलला. मग दुसऱ्याला हात घातला. मी पातळ उलगडलं आणि दोन टोकं त्याच्यापुढं धरली.

"हे काय?"

"एकट्याला धरता येत नाही पूर्ण. धर."

माझ्या दोन हातांत दोन टोकं, त्याच्या दोन हातांत दोन. लहानपणी त्याच्या घरी माग होता, हात कसे ताणायचे ते त्याला सांगावं लागलं नाही.

"पाहा."

"एकच दिसते," नाना म्हणाला. "थोडा फिसकटलेला."

"जवळ आहे म्हणून. जाऊ दे त्याला दूर."

दोना हळूहळू धारेला लागला. ज्योत बारीक होत गेली, वाटाण्याएवढी, मग मोहरीएवढी. नानाचे नवे डोळे कापडाला टेकले होते. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"दोन बाजूंनी निघून राहिले," तो म्हणाला. मग, "वर बी. खाली बी." त्यानं स्वतःच आपला एक हात वर केला, एक खाली, कापड तिरपं झालं. मी काही सांगितलं नव्हतं.

"फिरले," तो म्हणाला. "जवाईबुवा, दिवे फिरले."

"मोज."

त्यानं ओठांतल्या ओठांत मोजले. नऊवर थांबला. तोंड माझ्याकडं न वळवता विचारलं, "काहून?"

भांडणातला काहून नाही, इंदूचा काहून मी वर्षभरानं ऐकला. तोच, तसाच.

"माहीत नाही," मी म्हटलं. "तिघांनी सांगितलं ते तुला सांगतो घरी गेल्यावर. मला मिश्राजींचं बरं वाटलं, पण पत्ते कुठं आहेत ते त्यांनाही दाखवता आलं नाही. विचारत राहू."

घाटावरचा एक पुजारी टोपलीत डोकावला. "बाबा, नौ का संकल्प था ना? एक ही छोड़ा?"

"एक ही है," मी म्हटलं. "नौ देखना है तो इधर आओ."

तो आला नाही. नानानं टोपलीतल्या आठ वाती तशाच राहू दिल्या. दिवा वळणाकडं गेला. नानानं कापड सैल पडू दिलं नाही. मीही दिवा दिसेनासा होईपर्यंत माझी दोन टोकं सोडली नाहीत.